दुकानात मोरपंखी दिसलेली साडी घरी आणल्यावर हिरवी दिसतेय. दुकानदाराने फसवलं का?

फसवलं म्हणू नका. हा शब्द मी एकदा फुकट ऐकून घेतलाय, म्हणून लिहायला बसलो.

इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं शेड मॅचिंग केलं, म्हणजे नमुन्याबरहुकूम रंग जुळवला. एकदा शाळेच्या पँटींचं राखाडी कापड आलं. राखाडी, खाकी, ऑलिव्ह म्हणजे आमच्या धंद्यातली साडेसाती. दोन-तीन रंग मिसळून ती शेड बसवावी लागते. अर्धा माल निघाला आणि निळा रंग संपला. मालक म्हणाले, दुसरा निळा टाक. मी म्हटलं, उन्हात फरक दिसेल. त्यांनी दोन्ही तुकडे केबिनमधल्या ट्यूबलाइटखाली धरले. "सांग, नवा कुठला?" मलाही ओळखता येईना. माल गेला. 15 ऑगस्टला झेंडावंदनाला पोरं रांगेत उभी राहिली, तर निम्म्या पँटी राखाडी आणि निम्म्या शेवाळलेल्या! पार्टीने बोंब मारली. मालक चारचौघांत मला म्हणाले, "डोळे गेलेत तुझे. फसवलंस."

डोळे शाबूत होते. रंग उजेडातला काही भाग गिळतो, उरलेला आपल्याला दिसतो. उन्हात 400 ते 700 नॅनोमीटर, म्हणजे जांभळ्यापासून लालपर्यंत सगळंच असतं. त्या एलईडी नसलेल्या ट्यूबलाइटचा उजेड ठरावीक पट्ट्यांत दाटलेला. नवा निळा 640 च्या पुढचा लाल जास्त गिळत होता, आणि ट्यूबलाइटमध्ये तिथे जवळजवळ काहीच नसतं. मग फरक दिसणार कसा? याला मेटॅमेरिझम म्हणतात. तो पकडायलाच लॅबमध्ये लाइट बॉक्स असतो: डी65 म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल84 म्हणजे दुकानातला, शिवाय पिवळा बल्ब. आमची पेटी केबिनपासून वीस पावलांवर होती. वीस पावलं!

तुमचा मोरपंखी तर निळ्या-हिरव्याच्या बांधावरच बसलेला. उजेड जरा पिवळा झाला की हिरव्याकडे कलंडतो. साडी घेताना दुकानाच्या दारात या, ब्लाउजपीससुद्धा तिथेच लावून बघा. कुणी म्हणालं "सारखंच तर दिसतंय", तर विचारा, कुठल्या उजेडात? मी तेव्हा हे विचारलं नाही, गप्प बसून पगार कापून घेतला.

हां, साडी धूपछाँव असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. त्यात ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा, बाणा म्हणजे आडवा दुसऱ्या. निऱ्या हलल्या की रंग हलणारच. तिचे तर त्यासाठीच जास्त पैसे मोजतात.