गोबीच्या वाळवंटात खरंच अस्वलं राहतात का? किती उरलीत, आणि ती मोजतात कशी?

राहतात. मंगोलियात त्यांना ‘मझालाय’ म्हणतात. जात तपकिरी अस्वलाचीच, पण चण लहान: पूर्ण वाढलेला नर १००-१४० किलोंचा, मादी ५० ते ८० किलोंची. वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर आणू नका; हा सगळा दगडधोंड्यांचा उजाड डोंगराळ मुलूख आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. नैऋत्य मंगोलियातल्या ‘ग्रेट गोबी अ’ या संरक्षित क्षेत्रात अतास बोग्द, शार खुल्स आणि त्सगान बोग्द असे तीन भाग आहेत, तिथल्या झऱ्यांभोवती ती टिकून आहेत. ‘शार खुल्स’ म्हणजे पिवळे बोरू. पाणी कुठे आहे ते नावातच सांगितलंय.

खाणं जवळजवळ शाकाहारी. रेवंदचिनीच्या कुळातल्या एका खुरट्या झाडाची मुळं उकरायची, रानकांदा, गवत, नायट्रारिया या वाळवंटी झुडपाची फळं, सोबत किडे. मांस क्वचितच. वसंतात गुहेतून बाहेर पडल्यावर सगळ्यात जास्त उपासमार होते, म्हणून १९८० च्या दशकापासून झऱ्यांजवळ धातूच्या पिंपांतून गुरांच्या खाद्याच्या गोळ्या ठेवतात. (आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरतात, त्यातलाच प्रकार.)

मोजणी त्या पिंपांपाशीच होते. भोवती खांब रोवून साधारण अर्धा मीटर उंचीवर काटेरी तार ताणतात. अस्वल खालून किंवा वरून जातं, केस काट्यात अडकतात. एका काट्यावरचे केस म्हणजे एक नमुना, आणि तो कागदी पाकिटात ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि डीएनए खराब होतो. नमुना काढला की काट्यावरून लायटरची ज्योत फिरवायची, नाहीतर उरलेला केस पुढच्या फेरीत दुसऱ्याच अस्वलाच्या नावावर चढतो. केसाला मूळ हवं. नुसता तुटलेला केस फारसा कामाचा नाही. केस जितके दिवस उन्हात राहतील तितका डीएनए झिजतो, त्यामुळे फेऱ्या लांबवून चालत नाही.

खरी अडचण प्रयोगशाळेत येते. अस्वलं थोडी आणि इतर अस्वलांपासून तुटलेली, त्यामुळे सगळी एकमेकांची नातलग. थोड्याच जनुकीय खुणा (डीएनएतल्या अस्वलागणिक बदलणाऱ्या जागा) तपासल्या तर दोन भावंडं एकच अस्वल वाटतात आणि आकडा खाली येतो. उलट, झिजलेल्या नमुन्यात एखादी खूण वाचायची राहिली तर एकाच अस्वलाची दोन होतात. म्हणून जास्त खुणा घेतात आणि शंकास्पद नमुने पुन्हा चालवतात. मग आधीच्या फेरीतली किती अस्वलं पुढच्या फेरीत परत सापडली, यावरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधतात.

२००९ च्या केसांतून २२ अस्वलं वेगळी ओळखता आली: १४ नर, ८ माद्या. एकूण अंदाज २२ ते ३१. शिकारबंदी १९५३ पासूनच आहे, तरी ही स्थिती.

मला त्यातला ८ हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. तपकिरी अस्वलाची पिल्लं दोन-अडीच वर्षं आईबरोबर असतात आणि तोवर ती सहसा पुन्हा वीत नाही. म्हणजे आठांपैकी एखाद्या वर्षी दोन-तीनच बाळंत होणार, त्यातही झरा आटला तर ते पिल्लू उन्हाळा काढेलच असं नाही.