गॅलरी, गच्ची आणि कोपऱ्यावरची बाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रोज सकाळी सहाला प्रत्येक कुंडीला एक तांब्या पाणी घालते, वीस वर्षांची सवय आहे. पाणी वरून घातलं की लगेच खालून वाहतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. बोलणी खावी लागतात. एवढं करून दुपारी झाडं माना टाकतातच. (कोथरूड, पुणे)

उत्तर : काकूंची तक्रार रास्त आहे आणि झाडांचीही. तुमचं पाणी मुळांपर्यंत पोचतच नाहीये. नर्सरीतून येणाऱ्या कुंड्यांत हल्ली कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरपूर असतं. ते एकदा ठणठणीत कोरडं झालं की आक्रसतं, कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि वरून पडणारं पाणी चक्क झिडकारतं. मग तांब्याभर पाणी कडेच्या फटीतून भोकाला आणि भोकातून थेट काकूंच्या साडीवर. खात्री करायची तर पाणी घातल्यावर पाच मिनिटांनी कुंडीच्या मधोमध बोट दोन पेरं खुपसा. वर चिखल आणि आत भुगा लागला तर हेच झालंय.

८ इंचांपर्यंतची कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की काढून मोरीत निथळू द्या. मोठी कुंडी उचलू नका. १२ इंची कुंडी ओली असताना २० किलोच्या आसपास भरते, कमरेचं दुखणं मागे लागेल. तिच्यात विणकामाच्या सुईने पाच-सहा ठिकाणी खोल भोकं पाडा, कडेची फट मातीने बुजवा आणि तांब्याचे तीन भाग करून दहा-दहा मिनिटांच्या अंतराने घाला. दोन-तीन दिवसांत कोकोपीट पुन्हा फुगतं. पुढच्या वेळी कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एकच भाग कोकोपीट घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड. वरचं दीड इंच मोकळं ठेवा. काठोकाठ भरलेल्या कुंडीत पाणी थांबायलाच जागा नसते, मुरणार कुठून?

कुंडीखाली ताटली हवीच, पण तिच्यात पाणी साठू देऊ नका. डेंगी पसरवणारा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेशी कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी मरत नाहीत. म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा ताटली काथ्याने खसाखसा घासायची. आणि कठड्याबाहेर टांगलेल्या कुंड्या असतील तर त्या आजच आत घ्या. ओल्या साडीवर भांडण मिटतं, पडलेल्या कुंडीवर मिटत नाही.

सहाची वेळ मात्र सोडू नका, चांगली आहे. फक्त आधी बोट, मग तांब्या. काही कुंड्या त्या दिवशी पाणी मागणारही नाहीत.

प्रश्न : मोगऱ्याला पानंच पानं, कळी नाही. पंधरा दिवसांनी खत घालतो, चहाचा चोथा तर रोज. (डोंबिवली)

उत्तर : खत बंद, चोथाही बंद. नत्र जास्त झालं की झाड पानांनी माजतं आणि फुलायचं विसरतं. चोथा धुऊन, वाळवून महिन्याकाठी दोन चमचे मातीत मिसळला तर हरकत नाही. दूध-साखरेचा ओला चोथा रोज टाकला की आधी मुंग्या येतात, मग बुरशी.

मोगऱ्याला रोज किमान पाच तास थेट ऊन लागतं. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परतणारा उजेड म्हणजे ऊन नव्हे. तेवढं ऊन मिळत असेल तर पुढचं काम जानेवारीच्या अखेरीस. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे त्याला आधी थोडा उपास घडवायचा. आठ-दहा दिवस पाणी तोडा. पानं मलूल होऊन गळू लागली की वाळक्या, काडीसारख्या फांद्या बुडापासून काढा आणि उरलेल्या एक तृतीयांशाने छाटा. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने फांदी चेचते आणि तिथून खाली वाळत जाते. वरची दोन इंच माती उकरून दोन दिवस उन्हं खाऊ द्या, मग दोन मुठी जुनं शेणखत आणि चमचाभर हाडांचा चुरा मिसळून भरपूर पाणी. तीन-चार आठवड्यांत फूट येते आणि तिच्या टोकाला कळ्या. पहिला बहर ओसरला की प्रत्येक डहाळीचा शेंडा दोन पानं खाली कापायचा, म्हणजे दुसरा बहर लवकर येतो. हीच छाटणी पावसाच्या तोंडावर केलीत तर पुन्हा पानंच मिळतील.

प्रश्न : कढीपत्त्याची पानं बघता बघता फस्त होतात. पानांवर पाखरांची शीट पडल्यासारखं दिसतं, रोज पुसते. सासूबाई म्हणतात ताक घाल. (नाशिक)

उत्तर : पुसू नका, आधी जवळून बघा. ती शीट नाही, अळी आहे. तपकिरी-काळ्या अंगावर मधेच पांढरा पट्टा, त्यामुळे पक्षीही फसतात. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होऊन पानांत लपते आणि खाण्याचा खरा धडाका तेव्हाच लावते. वाळक्या काडीने तिच्या डोक्यामागे हलकेच टोचा. मानेतून दोन मऊ, नारंगी शिंगं बाहेर येतील आणि आंबूस, उग्र वास सुटेल. दोन-तीन सेकंदांत शिंगं परत आत. घरात मुलं असतील तर त्यांना बोलावून दाखवा.

ही लिंबावरच्या फुलपाखरांची पोरं. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून त्यांना चालतो. चार फुटी झाड तीन-चार अळ्या सहज पोसतं. रोप हातभरच असेल तर अळ्या पानासकट उचलून आवारातल्या मोठ्या लिंबावर किंवा बेलावर ठेवा. फवारणी नको, ही पानं आपण फोडणीत घालतो.

सासूबाईंचं ताक अळीवर चालणार नाही, पण टाकाऊही नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या की झाडाला लोह मिळत नाहीये असं समजायचं. बोअरच्या जड पाण्याने हे फार होतं. मातीतलं लोह अडकून बसतं आणि आंबटपणाने ते सुटायला मदत होते. वाटीभर आंबट ताक दहा वाट्या पाण्यात, पंधरा दिवसांतून एकदा, तेही बिनमिठाचं. आणि फोडणीसाठी एकेक पान ओरबाडण्याची सवय सोडा. शेंडा डहाळीसकट खुडा, तिथून दोन फुटवे येतात.

प्रश्न : सोसायटीच्या बागेतली सगळी फुलं पहाटे एक गृहस्थ आकडीने ओढून नेतात. देवपूजेसाठी आहेत म्हणतात. त्यांना काय सांगावं? (ठाणे)

उत्तर : देवाला मधे न आणता झाडाचं सांगा. जास्वंदीचं फूल साधारण एका दिवसाचंच, ते नेल्याने झाडाचं बिघडत नाही. बिघडतं ते आकडीने. फुलाबरोबर कोवळा शेंडा तुटतो आणि त्या शेंड्यावर पुढच्या आठ दिवसांच्या कळ्या असतात. एक फूल देवाला, सात कचऱ्यात. हाताने, देठाशी चिमटीत धरून खुडलं तर कुणाची तक्रार असू नये. हात पोचेल तिथवरची त्यांची, वरची सगळ्यांची, असा तह बऱ्याच ठिकाणी टिकतो.

पारिजातकाला तर हात लावायचंच कारण नाही. तो रात्री उमलतो आणि पहाटे आपणच खाली टाकतो. झोपण्यापूर्वी झाडाखाली जुनी सुती चादर अंथरा. सकाळी फुलं बिनमातीची मिळतात, केशरी देठासकट. पारिजातकाचं पडलेलं फूल पूजेला चालतं, हे त्या गृहस्थांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. पाटी लावायचीच असेल तर चार शब्दांची लावा. पुणेरी पाटीसारखी लांबली तर लोक फोटो काढतात, वाचून वागत कुणी नाही.

प्रश्न : मी झाडांशी बोलतो. घरचे हसतात. उपयोग होतो का? (दादर)

उत्तर : बोला की. बोलणारा माणूस झाडाजवळ दोन मिनिटं जास्त उभा राहतो, आणि फायदा तिथेच होतो. बोलता बोलता पानं उलटी करून बघा. जास्वंदीच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण. दिसेल तेवढा जुन्या टूथब्रशने काढा. मग लिटरभर कोमट पाण्यात आधी दोन मिली पातळ साबण, मग पाच मिली कडुनिंबाचं तेल घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. साबण विसरलात तर तेल वर तरंगतं. उन्हात फवारलंत तर पानं करपतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी मोडा, पिठ्याला फांदीफांदीवर पोचवण्याचं काम त्याच करतात.

प्रश्न : नातवाला राणीच्या बागेत नेतो, पण पेंग्विन पाहून झाले की तो कंटाळतो. झाडं दाखवायची तर कुठली? (लालबाग, मुंबई)

उत्तर : पेंग्विनची रांग शेवटी ठेवा. भायखळ्याची ही बाग 1862 सालची, आणि जुनी झाडं हेच तिचं खरं वैभव आहे. थंडी सरता सरता गेलात तर उर्वशी फुललेली सापडण्याची आशा असते. झाड मूळचं ब्रह्मदेशाकडचं, लाल फुलांचे लांब घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. फुलं नसली तर कोवळी पानं दाखवा. वाळत घातलेल्या रुमालांसारखी मलूल, तपकिरी लटकतात. झाड सुकलंय असं नातू म्हणेल, त्याला म्हणू द्या. मग त्याच जातीचं हिरवं, ताठ जून पान शोधायला लावा.

कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला न येता खोडावरून फुटतात, फळं तोफगोळ्यांएवढी. फुलाचा वास घ्या, फुटलेल्या फळाचा मात्र नको. गोरखचिंचेच्या बुंध्याला दोघांनी मिळून कवेत घ्यायचा प्रयत्न करा, जमणार नाही. आणि सीतेचा अशोक आवर्जून दाखवा, कारण सोसायट्यांच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो त्या झाडालाच मुलं अशोक समजतात. तो खोटा अशोक. खऱ्याला नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ जून फांद्यांवरच लगडतात.

बाग बुधवारी बंद असते. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयालाही बुधवारीच सुट्टी. संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे, घारापुरीहून आणलेला. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. नातू कंटाळला तर त्या हत्तीपाशी नेऊन बसवा.