लाडवांचा डबा गेटवरून परत

प्रश्न : ताई, आम्ही वारज्यात राहतो. मुलाचं एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या सैनिकी अकादमीच्या, मेरिट लिस्टमध्ये नाव आलंय, पुढच्या महिन्यात जॉइनिंग. घरात सगळे खूश आहेत पण रोज भांडणं पण चालू आहेत. ह्यांचं म्हणणं की आत्तापासूनच त्याला कडक ठेवायचं, पहाटे चारला उठवतात, काही चुकलं की पार्किंगमध्ये उठाबशा, का तर तिथे असंच असतं. एका क्लासवाल्याने जॉइनिंगच्या आधीचा स्पेशल कोर्स सांगितलाय, त्याचेही पैसे भरायचे म्हणतायत. सासूबाई म्हणतात जवळच तर आहे, दर रविवारी डबा देऊन येऊ. आणि चिरंजीवांनी आजवर स्वतःचा रुमालसुद्धा धुतलेला नाही. मी एका महिन्यात नक्की काय शिकवू?

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन, आणि दुसरं म्हणजे उठाबशा आजपासून बंद करायला सांगा. ओरडायला तिथे माणसं नेमलेली आहेत, ती त्या कामात तयार आहेत, बापाने ते घरी फुकटात करायची गरज नाही. पोरगं घरून दमून, चिडून गेलं तर तिथे पहिल्या आठवड्यातच त्याची बॅटरी संपते. शेवटचा महिना त्याला नीट झोपू द्या, नीट खाऊ द्या. क्लासच्या पैशात चांगले रनिंग शूज घ्या.

आता शूजवरूनच सांगते कारण हे कोणी सांगत नाही. फर्स्ट टर्मरचं, म्हणजे पहिल्या सहामाहीतल्या पोराचं, सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल तर नडगीच्या हाडाला जाणाऱ्या बारीक तड्याने, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात त्याला. आयुष्यभर खुर्चीत बसून अभ्यास केलेलं पोरगं एकदम दिवसभर पळायला लागतं, पीटी, ड्रिल, संध्याकाळी गेम्स, एका क्लासवरून दुसऱ्या क्लासला जायचं तेही सायकलवर नाहीतर पळत, आणि हाडाला सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून आत्ता दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत पळवा, आणि डांबरी रस्त्यावर नको, वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडीच्या मातीवर. यूपीएससीच्या नोटिफिकेशनमध्येच दिलेलं असतं की येताना काय तयारी हवी, 2.4 किलोमीटर पळणं, पुशअप्स, चिनअप्स, दोरीवर 3-4 मीटर चढणं, ते वाचा, तेवढं पुरतं. आणि त्याला एक गोष्ट दहा वेळा सांगा, नडगीवर एकाच जागी बोट ठेवलं की दुखतंय आणि पळताना वाढतंय, तर लपवायचं नाही, सिक रिपोर्ट करायचं, म्हणजे दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे जायचं. मुलं लपवतात, कारण फार दिवस ट्रेनिंग बुडलं तर रेलिगेट होऊ, म्हणजे सहा महिने मागच्या कोर्सबरोबर ढकलले जाऊ ही भीती. पण सुरुवातीला साध्या एक्सरेत असा तडा दिसतही नाही, तोवर पोरगं त्यावरच पळत राहिलं तर प्रकरण खरंच लांबतं.

पोहायला येतं का? येत नसेल तर उद्याच जवळच्या टँकवर नाव घाला. न येणाऱ्यांना तिथे शिकवतातच, पण ज्या वेळात बाकीचे जरा टेकतात त्या वेळात हा पाण्यात.

बाकी रुमाल. त्याला या महिन्यात मोजे धुवायला, बटण शिवायला, शर्टाला इस्त्री करायला आणि बूट पॉलिश करायला शिकवा. पॉलिश म्हणजे ब्रश फिरवला आणि झालं असं नाही हां. जुन्या बनियनचं मऊ फडकं दोन बोटांवर घट्ट गुंडाळायचं, चहाच्या बशीत पाणी घेऊन बसायचं, फडक्याला जरासं पॉलिश, पाण्याचा एक थेंब, आणि बुटाच्या टोकावर बारीक बारीक गोल फिरवत राहायचं. जोर लावायचा नाही, जोर लावला की खालचा थर निघून येतो आणि परत पहिल्यापासून. माझा धाकटा पण एनडीएत होता, त्याने घरी पहिला बूट केला तेव्हा दोन तास लागले आणि नाकावर पॉलिश. शेवटी शेवटी गप्पा मारता मारता करायचा.

आणि सगळ्यात अवघड, पुण्यातल्या पोराला वाद न घालता ऐकून घ्यायला शिकवा. आपल्याकडे पोरं आईला पण मुद्देसूद उत्तर देतात. तिथे चूक झाली की कारण सांगायचं नसतं, त्याची असो नाहीतर शेजारच्याची असो. एकाने घोळ घातला की सगळ्यांना रगडा, म्हणजे अंग पिळून काढणारी शिक्षा, फ्रंट रोल, सायकल खांद्यावर घेऊन पळ, असलं काय काय. तुमचा मुलगा दहावी-बारावीत वरच्या नंबरात असणार, तिथे गेल्यावर त्याच्यासारखे कित्येक, आणि सहा टर्मच्या शिडीत हा सगळ्यात खालच्या पायरीवर. हा धक्का पुशअप्सपेक्षा मोठा असतो. हिंदी बोलायची सवय पण करा, आपली पोरं ‘मेरेको वाटता है’ करतात आणि मग तेच नाव पडतं.

फोन क्वचित येईल. आणि एखाद्या फोनवर ‘आई मला घेऊन जा’ पण येईल, बहुतेक घरी येतंच. त्या क्षणी हो पण म्हणू नका आणि ‘लोक काय म्हणतील’ तर अजिबातच नको. आज काय जेवलास, झोप किती झाली, कुठे दुखतंय, एवढंच विचारा. दमणूक असेल तर पुढच्या फोनला आवाज बदललेला असतो. पण मारहाण झाल्याचं सांगितलं, जेवण तुटलं, जगण्यातच अर्थ नाही असलं काही बोलला, तर ‘सगळ्यांचंच असं असतं’ म्हणून गप्प बसायचं नाही. स्क्वॉड्रनमध्ये, म्हणजे त्याच्या तुकडीत, डिव्हिजनल ऑफिसर असतो, सरळ त्यांच्याशी बोलायचं, त्यात कमीपणा नाही. रगडा वेगळा आणि मारणं वेगळं.

आता सासूबाई. आम्ही तेव्हा कोथरूडला. पोरगं जाऊन दुसराच आठवडा, मी डिंकाचे लाडू केले आणि स्कूटरवर वारजे, शिवणे, उत्तमनगर करत गेटवर. गेटवरचा जवान फार नम्र होता, म्हणाला मॅडम असं देता येत नाही. मी म्हटलं अहो फक्त वीस लाडू आहेत. तो म्हणाला मॅडम, आत कॅडेट खूप आहेत. डबा घेऊन परत आले, घरी येऊन रडले, ह्यांनी पुढचे दहा दिवस चहाबरोबर लाडू खाल्ले. ही माझीच चूक, काही विचारायचं नाही आणि सुटायचं. टर्मच्या सुट्टीत धाकट्याला सांगितलं तर त्याचा चेहराच पडला, म्हणाला, आई, तो डबा आत आला असता तर तीन वर्षं माझं नाव लाडू असतं.

लांबच्या मुलांपेक्षा पुण्याच्या मुलाला हा त्रास जास्त होतो. मणिपूरच्या, केरळच्या पोराला माहीत असतं की घर हजारो किलोमीटरवर आहे, विषय संपला. तुमच्या पोराला सिंहगडाकडे बघितलं की आपली शनिवारची मिसळ आठवणार. फर्स्ट टर्मरला लिबर्टी, म्हणजे रविवारी बाहेर जायची परवानगी, ड्रिलची टेस्ट पास झाल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे घर दहा किलोमीटरवर असून नसल्यासारखं. सासूबाईंना पत्र लिहायला सांगा, खरंच. आजीचं पत्र पोरं पॅन्टच्या खिशात ठेवून फिरतात, धुवायला टाकताना माझ्या हाताला लागलंय.

प्रश्न : मी अकरावी आर्ट्सला आहे, मुलगी आहे, कर्वेनगर. मला एनडीए देता येईल का? घरचे म्हणतात सायन्स नाही तर विषय सोड.

उत्तर : देता येईल गं. आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, नेव्ही आणि एअरफोर्सला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. मुलींची पहिली बॅच 2022 मध्ये खडकवासल्याला गेली आणि त्यातल्या 17 जणी 30 मे 2025 ला पासआउट झाल्या, त्यामुळे ‘मुलगी आहे’ हे आता लिहायचं कारण नाही. फक्त लेखी परीक्षेत 300 मार्कांचा गणिताचा पेपर आर्ट्सवाल्यांनाही असतो, तो सुटत नाही, तेव्हा अकरावी-बारावीचं गणित आत्ताच बाजूने सुरू कर.