वाचकांचे प्रश्न : एका कीबोर्डवर दोन लढवय्ये

प्रश्न : मुलाच्या मोबाइलमध्ये भारी ग्राफिक्सचे खेळ आहेत. तरी सुट्टीत मावसभाऊ आला की दोघं कॉम्प्युटरवर चाहत्यांनी बनवलेला ‘ब्लीच व्हर्सेस नारुतो’च खेळतात. त्यात असं काय आहे?
– एक पालक, पाचोरा

उत्तर : ‘ब्लीच’ आणि ‘नारुतो’ या जपानी मालिकांचे नायक इचिगो आणि नारुतो भिडले तर कोण जिंकेल, हा वाद वर्गातल्या बाकावर कधीच मिटत नाही. चाहत्यांनी तो खेळायलाच दिला. शिकायलाही सोपा: डब्ल्यू-ए-एस-डीवर हालचाल, जे म्हणजे हल्ला, के उडी, एल झेप. पाच मिनिटांत पोरगं मारायला लागतं. एल नेमकी कधी दाबायची हे कळायला मात्र अख्खी सुट्टी जाते. अशा खेळांत ताकदीचा तोल बहुधा बिघडलेला असतो. एखादं पात्र भलतंच भारी निघतं, मग ‘त्याला घ्यायचं नाही’ असा घरचा नियम होतो. शिवाय प्रतिस्पर्धी कोपराला कोपर लावून बसलेला असतो, आणि निम्मी मजा त्याला डिवचण्यातच आहे.

प्रश्न : लॅपटॉपवर दोघं खेळताना ऐन वेळी एकाची लाथ लागतच नाही. कीबोर्ड बिघडलाय का?
– एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : बहुतेक नाही. स्वस्त कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात आणि प्रत्येक कळीला डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) नसतो. जाळीतल्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथी कळही दाबल्यासारखी भासते. ही गफलत टाळायला आतली चिप तिसरी कळ सोडूनच देते. दोघांच्या मिळून चार-पाच कळा दाबल्यावर कुणाची तरी गळणारच. नोटपॅड उघडा, एस आणि डी दाबून धरा, मग जे दाबा. अक्षर उमटलं नाही तर दुखणं हेच. जोडीजोडीनं फरक पडतो, म्हणून तुमच्या नेहमीच्या सगळ्या कळा तपासा.

उपाय म्हणजे दुसरा साधा यूएसबी कीबोर्ड. विंडोज दोन्ही एकत्र वाचते, पण जाळ्या वेगळ्या राहतात. उजवीकडे आकड्यांच्या कळा असलेलाच घ्या. दुसऱ्या खेळाडूचे हल्ले तिथेच असतात. नमलॉक चालू ठेवा. तो बंद असला तर ४ म्हणजे डावा बाण आणि ६ म्हणजे उजवा. गडी मारायचं सोडून चालत सुटतो. मराठी टायपिंगही बंद करा (विंडोज आणि स्पेसबार एकत्र), नाहीतर काही खेळांना अक्षरांच्या कळा ओळखता येत नाहीत. बाण दाबल्यावर पानच सरकत असेल तर खेळाच्या चौकटीत एकदा क्लिक करा.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी खेळ रेंगाळतो. नेटचा दोष का?
– भुसावळ

उत्तर : नाही. एकदा खेळ उतरला की एकाच कीबोर्डवरच्या लढतीला नेट जवळपास लागत नाही. पारा ४५ कडे गेला की तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. फ्लॅश या जुन्या तंत्रावर बनलेल्या खेळांत हालचाल सहसा चित्रचौकटींच्या (फ्रेमच्या) मोजणीवर चालते. चौकटी कमी पडल्या की अख्खी लढत संथ होते. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, हवेच्या जाळीतली धूळ काढा. कूलरच्या थेट झोतात मात्र नको, ओल आत जाते.

प्रश्न : ‘फ्लॅश प्लेअर टाका’ असा संदेश येतो. टाकू?
– चोपडा

उत्तर : अजिबात नको. अडोबी कंपनीनं ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा पाठिंबा बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात खेळ चालणंही रोखलं. त्या नावानं आता आपणहून समोर येणारी फाइल संशयास्पदच समजा. रफल हे फ्लॅशचे खेळ ब्राउझरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर आहे, त्यावर चालणारी साइट शोधा. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट (फ्लॅश खेळांची प्रोग्रॅमिंग भाषा) १ आणि २ मधले खेळ त्यावर छान चालतात. ३ मधले काही अडखळतात, त्यांच्यासाठी फ्लॅशपॉइंट हा जुन्या वेब खेळांचा संग्रह उतरवून बघा.