लेकीचं रविवारचं शिकवणं ही सेवा नाही, ते तिचं काम आहे

ठाण्याच्या एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. बेने इस्रायली कुटुंब, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. लेक 24 वर्षांची, इतिहासात एमए, 58 टक्के, ठाण्यातच एका इंग्रजी शाळेत बदली शिक्षिका आहे, बी.एड. झालेलं नाही. चार वर्षं झाली, दर रविवारी समाजातल्या पोरांना हिब्रू वाचन, सण, प्रार्थना आणि समाजाचा इतिहास शिकवते, तेही फुकट. आता तिला हेच करिअर म्हणून करायचंय. ताईंचं म्हणणं असं की यात ग्रोथ काहीच नाही, तिने एमबीए करावं नाहीतर इस्रायलमध्ये अश्दोदला मामाकडे कायमचं जावं, आणि "सेवा काय, लग्नानंतरही करता येते".

ताई, मला 58 टक्क्यांची काळजी अजिबात वाटली नाही. काळजी याची वाटली की एवढ्या मोठ्या पत्रात लेकीचं म्हणून एकच वाक्य आहे आणि तेही तुम्ही खोडून काढायला लिहिलंय. तिच्या मेलवरून एमबीएच्या सीईटीचा फॉर्म तुम्ही भरलात, तिला तो मेसेज आल्यावर कळला. मामाशी अलियाचं, म्हणजे इस्रायलला कायमचं स्थायिक व्हायचं, बोलणं झालं, कागदपत्रं कुठली लागतात तेही विचारून झालं, आणि त्या फोनवर लेक नव्हतीच. रागावू नका पण हे आधी थांबवा. रोज पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या मुलीला कुठल्या देशात राहायचं हे घरच्यांकडून कळावं, हे बरोबर नाही, आणि यातून ती तुमच्यापासून लांब जाईल, तीच भीती तुमच्याही पत्रात ओळीओळीत दिसते.

भीती मला कळते हो. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या भारतात ज्यू लोकांची नोंद पाच हजारांच्याही खाली होती, त्यातले निम्मे महाराष्ट्रात. नात्यातले निम्मेअर्धे लोक इस्रायलला, अश्दोद, डिमोना, बीरशेबाला गेलेत, मागे राहिलेल्या पोरांना शिकवून हिचं पोट कसं भरणार, हा प्रश्न कुठल्याही आईला पडेल. प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर एमबीए नाही, कारण मुलीला मॅनेजर व्हायचंच नाहीये.

आता मूळ मुद्दा. तुम्ही पत्रात पाच-सहा वेळा "सेवा" लिहिलंय. तुम्ही म्हणता, ट्रस्टचे लोक म्हणतात, आणि मला वाटतं आता लेकही स्वतःशी तेच म्हणायला लागली असेल. तिची ग्रोथ अडलीये ती इथे. ज्या कामाचे तास ठरलेले नाहीत, मानधन नाही, वर्ग बघून चूक दाखवणारं वरचं कुणी नाही, त्या कामात चार वर्षं काय चाळीस वर्षं काढली तरी माणूस तिथेच राहतो, सर्टिफिकेट किती का जमवेना. आणि हे ठाण्याचंच दुखणं आहे असं समजू नका, अमेरिकेत इतका मोठा ज्यू समाज, तिथेही रविवारच्या आणि संध्याकाळच्या वर्गांना शिकवणारे बहुतेक जण पार्ट टाइमच असतात, आणि पगार वाढवायचा तर वर्ग सोडून डायरेक्टर व्हायचं, हीच शिडी. चांगले शिक्षक त्या शिडीवरून ऑफिसात जातात आणि मुलांसमोर पुन्हा नवीन पोरगी उभी राहते. तेव्हा लेकीने पहिलं काम हे करावं, सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) ट्रस्टला लेखी पत्र द्यावं की मी वर्षभरात हे हे शिकवते, मला मानधन द्या, थोडं का असेना पण दरमहा, आणि वर्षातून एका ट्रेनिंगचा खर्च करा. मुंबईत ओआरटी आणि जेडीसी या ज्यू संस्थांचं काम कित्येक वर्षांचं आहे, त्यांच्या लोकांनाही भेटावं. हे मागायला तिला लाज वाटेल, तुम्हाला तर जास्तच वाटेल, तरी मागायचंच.

तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेली एक गोष्ट मी दोनदा वाचली. लेकीने पोरांना अलिबागजवळ नवगावला नेलं, जिथे पूर्वजांचं जहाज फुटून बुडालेल्या लोकांच्या कबरी आहेत असं समाज मानतो तिथे, आणि त्याआधी प्रत्येकाला आपल्या आडनावातलं गाव शोधून, आजी-आजोबांना विचारून यायला लावलं. पेणकर, नवगावकर, आष्टमकर, केहिमकर, सगळी कोकणातली गावं. तुम्ही लिहिलंय, "परीक्षेच्या दिवसांत पोरांचा वेळ घालवला म्हणून आयांची बोलणी खाल्ली." ताई, हा अभ्यासक्रम आहे! तयार पुस्तकं येतात ती बहुतेक अमेरिकेची किंवा इस्रायलची, त्यात युरोपातून आलेल्या ज्यूंचे सण, त्यांचं जेवण, त्यांचा इतिहास, आणि तुमच्या पोराने घरी बघितलेला असतो मलिदा, आपल्याकडचा गोड पोह्यांचा प्रार्थनाविधी. 1846 साली मुंबईत पेसाखची हगादा (त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी) मराठीत छापली गेली, 1874 ला पुण्यात, पुढे बायबलमधल्या कथांची मराठी कीर्तनं झाली, हे सगळं वर्गात कसं आणायचं ते ठरवू शकणारे लोक जगात किती असतील? मराठी, इंग्रजी, इतिहासातलं एमए आणि चार वर्षांचा वर्ग, हे सगळं हिच्याकडे आहे. यावर तिने वर्षभराचे पाठ नीट लिहून काढावेत, पोरांनी केलेलं काम जोडावं, कुठेही अर्ज करताना हीच फाइल पुढे करायची.

एक गैरसमज मात्र काढायलाच हवा आणि तो तुम्हा दोघींचाही आहे. तुम्ही लिहिता, ती सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) खडाखडा वाचते, म्हणजे हिब्रू येतंच, एक कोर्स केला की इस्रायलमध्ये टीचर. असं होत नाही. प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षरांखाली स्वरांच्या टिंबं-रेघा असतात, अर्थ न कळता माणूस सुरेख वाचू शकतो, आणि तिथलं रोजचं वर्तमानपत्र टिंबांशिवाय छापतात, ते हातात दिलं तर पहिल्याच ओळीत अडकायला होतं. आणि वाचता येणं, बोलता येणं, शिकवता येणं या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. बार मिट्झवाच्या, म्हणजे तेराव्या वर्षीच्या धार्मिक विधीच्या, पोराला रेकॉर्डिंग ऐकवून पाठ करून घेणं म्हणजे भाषा शिकवणं नाही, हे मी तिला तोंडावरही सांगेन. अलिया करणाऱ्यांसाठी उल्पान, म्हणजे हिब्रूचा वर्ग, साधारण पाच महिन्यांचं असतं, त्यातून बाजारहाट आणि बँक जमते, पण दहावीतल्या इस्रायली पोरांचा वर्ग हिब्रूतून सांभाळणं जमत नाही. डिग्री मान्य करून घ्यायची, शिक्षकाचं लायसन्स घ्यायचं, सगळं वेगळं. तिथे शाळेत तिची खरी संधी आधी इंग्रजीची शिक्षिका म्हणून आहे, इंग्रजीच्या शिक्षकांची तिथे कायम चणचण असते, आणि तरीही स्टाफरूम हिब्रूतच बोलते. म्हणून भाषा आजपासून, बोलायची हिब्रू, ऑनलाइन, आठवड्यातून तीनदा तरी.

बी.एड. करायचंच, सीईटी, दोन वर्षं, टीईटी, हे तिच्या शाळेत कुणालाही विचारा. 2016 पासून महाराष्ट्रात ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा आहे, ॲडमिशनच्या आधी दाखला काढून ठेवा आणि कॉलेजात स्कॉलरशिपची चौकशी करा. त्यानंतर बाहेरचं एखादं वर्ष. जेरुसलेमला पारदेस आहे, 1972 पासूनचं, तिथे मुलं-मुली एकत्र बसून मूळ ग्रंथ वाचतात आणि शिकवणं इंग्रजीतून चालतं, हिब्रू युनिव्हर्सिटीचं मेल्टन सेंटर खास ज्यू शिक्षणासाठीच आहे, आणि स्टॉकहोमला 2000 साली सुरू झालेली ज्यू अभ्यासाची संस्था पायडेया आहे. यंदा कुठला कोर्स चालू आहे, फी किती, मदत किती मिळते, हे सगळं मेल करून विचारायचं. लेकीने, ताई, तुम्ही नाही.

तुम्ही विचारलंय की समाजात असं कुणी केलंय का. केलंय की! रिबेका रूबेन 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या, इंग्लंडला जाऊन शिक्षकाचं ट्रेनिंग घेतलं, आणि 1922 ते 1950 माझगावच्या सर एली कदूरी शाळेच्या प्रिन्सिपल होत्या. आज त्या शाळेत बहुतेक मुलं दुसऱ्या समाजांची आहेत, आणि हाही तुमच्या लेकीसाठी एक रस्ताच समजा. रोजची नोकरी सगळ्यांच्या शाळेत, बी.एड. नंतर पर्मनंट व्हायच्या प्रयत्नात राहायचं, पगार त्यातून, आणि ज्यू शिक्षणाचं काम सोबत पण मानधन घेऊन. पहिली पाच-सात वर्षं तरी मला हाच मार्ग जास्त भक्कम वाटतो. हे तिलाही आवडणार नाही कदाचित, तिला सगळंच आत्ता हवंय.

डिसेंबरची अश्दोदची तिकिटं काढू का, असं शेवटी विचारलंत. तिथली परिस्थिती बघून आणि लेक स्वतः हो म्हणाली तरच काढा, परतीची काढा. मामांना आत्ताच सांगून ठेवा की ओळखीच्या एखाद्या शाळेत तिला दोन-तीन दिवस मागच्या बाकावर बसून वर्ग बघू देतील का ते विचारा, आणि त्या दिवसांत घरात पाहुण्यांना बोलावून मुलगी दाखवायचा कार्यक्रम ठेवू नका.