रॉ फोटो एडिट करताना कॅनन, निकॉन, सोनीचे रंग वेगळे का दिसतात?

फरक असतो, पण त्यातला बराचसा कॅमेऱ्याचा नसून रॉ फाइल (सेन्सरची कच्ची माहिती) उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रोफाइलचा, म्हणजे आकड्यांना रंग देणाऱ्या नियमांच्या संचाचा असतो. रॉमध्ये तयार रंग नसतातच. बहुतेक सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलपुढे लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो. त्यातून आलेले आकडे तेवढे साठवले जातात आणि त्यांचा रंग प्रोफाइल ठरवते. खात्री करायची तर लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एकच फोटो 'अडोबी कलर'वरून 'कॅमेरा मॅचिंग'मधल्या एखाद्या प्रोफाइलवर न्या: एकाही स्लायडरला हात न लावता त्वचेचा आणि आकाशाचा रंग डोळ्यांदेखत बदलतो. दोन ब्रँड जुळवायचे असतील तर 24 चौकटींचा कलरचेकर (ठरावीक रंगांचा तक्ता) एकाच प्रकाशात दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपा आणि प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल बनवा. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेची भरपाई) त्यातल्या राखाडी चौकटीवरूनच घ्या. दोन्हीकडे 5500 केल्विन हे एकच रंगतापमान टाकलं की झालं, असं नसतं (इथेच बरेच जण फसतात). मात्र फिल्टर कोणता प्रकाश किती गाळतो हे ब्रँडगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलतं. त्यामुळे हलक्या दर्जाच्या एलईडीखाली किंवा गडद जांभळ्या कापडावर थोडा फरक उरतोच. तो हातानेच सुधारावा लागतो.