सोफ्यावर नाचलो, चुकलं का?

प्रश्न: नमस्कार सर, मी न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहतो आणि इथल्या सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमचा जुना फॅन आहे, म्हणजे आत्तापर्यंत नुसता मनस्तापच. पण शनिवारी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्रेटनला ८२-६६ असं धुतलं आणि बिग ईस्ट या आपल्या कॉलेज लीगची शेवटची टूर्नामेंट जिंकली, तेव्हा मी सोफ्यावर चढून नाचलो आणि बायकोने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. त्याच्या आठवडाभर आधी मार्केट युनिव्हर्सिटीविरुद्ध ओव्हरटाइममध्ये आपल्या झूबी एजिओफोरने बझर वाजता वाजता बॉल आत टाकला तेव्हा तर असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या आजींनी छत ठोकलं. आता एक मित्र म्हणतो, कसली तुमची टीम, सगळी पोरं बाहेरून उचललेली, एका वर्षाचा फुगा आहे. खरंय का हो?

उत्तर: तुमचं पत्र आलं तेव्हा मीही खुशीत होतो, पण उत्तर लिहायला बसेपर्यंत पुढचा शनिवार उजाडला, एनसीएएत, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांच्या मार्चमधल्या स्पर्धेत, अर्कान्सॉने आपल्याला ७५-६६ असं घरी पाठवलं आणि सगळा मूडच गेला. पण तरीही सांगतो, तुम्ही नाचलात ते बरोबरच केलंत.

जरा हिशोब बघा ना. बिग ईस्टची लीग, म्हणजे टूर्नामेंटआधीचा अख्खा सीझन, कुणाशी बरोबरी न होता एकट्याने जिंकायला १९८५ नंतर थेट २०२५ उजाडलं, तेही १८-२ (१८ जिंकल्या, २ हरलो) अशा रेकॉर्डने. १९८५ म्हणजे कोच लू कार्नेसेकांचे स्वेटर, स्टार खेळाडू ख्रिस मलिन आणि फायनल फोर, म्हणजे एनसीएएच्या शेवटच्या चार टीममध्ये आपण. नंतर मलिन स्वतः कोच होऊन आला, २०१९ मध्ये टीमला एनसीएएपर्यंत नेलंही, पण पहिल्याच मॅचला ॲरिझोना स्टेटकडून हरलो. एनसीएएत एक मॅच जिंकायला २००० नंतर पंचवीस वर्षं गेली हो, ती २०२५ मध्ये ओमाहाविरुद्ध जिंकली, ८३-५३. कार्नेसेका नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी गेले, ९९ वर्षांचे होते, हा सीझन त्यांना पुरता बघायला मिळाला नाही याची मला अजून रुखरुख लागते.

मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एजिओफोर कॅन्ससमधून आला, आरजे लुईस मॅसॅच्युसेट्समधून, डीव्हॉन स्मिथ युटामधून, आणि केडेरी रिचमंड तर चक्क सीटन हॉलमधून, म्हणजे शेजारच्या वैऱ्याकडून. पण ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंना कॉलेज बदलायची वाट) सगळ्यांनाच उघडं आहे, तिथून पोरं आणली म्हणून लीग जिंकता येत नाही. कोच रिक पिटिनो २०२३ मध्ये आला, पहिल्या वर्षी २०-१३ झालं आणि एनसीएएचं बोलावणं आलं नाही, फेब्रुवारीत तर त्याने प्रेसपुढे स्वतःच्याच पोरांचे वाभाडे काढले होते. एजिओफोर आणि लुईस तेव्हाही टीममध्ये होते, म्हणजे पोरं काही एका रात्रीत आलेली नाहीत. आणि बाहेरून आलेला माणूस आपला कधी होतो हे क्वीन्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने मला विचारावं, कमाल आहे!

काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची आहे, ती म्हणजे शूटिंगची. ही टीम जिंकली ती बचावावर, प्रतिस्पर्ध्याला कोर्टभर जखडून ठेवण्यावर, आणि आपलाच हुकलेला शॉट परत हिसकावून घेण्यावर. थ्री-पॉइंटरची, म्हणजे लांबून मारायच्या तीन गुणांच्या शॉटची, बोंब वर्षभर होतीच, फक्त जिंकत होतो म्हणून कुणी बोललं नाही. अर्कान्सॉविरुद्ध २२ मारले आणि २ आत गेले. लुईस, जो बिग ईस्टचा २०२५ चा प्लेयर ऑफ द इयर, त्याचे १७ पैकी ३ शॉट गेले आणि शेवटची जवळपास पाच मिनिटं पिटिनोने त्याला बेंचवर बसवलं. मला ते पटलं नाही, बुडायचंच होतं तर आपल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला घेऊन बुडायचं. आणि समोर कोच कोण, तर जॉन कॅलिपारी, पिटिनोचा जुना दुश्मन, म्हणजे जखमेवर मीठच.

तेव्हा फुगा वगैरे काही नाही, पण लांबून बॉल टाकणारे दोन हात आणले नाहीत तर पुढच्या मार्चला पुन्हा इथेच अडकू. दर उन्हाळ्यात कोण गेलं कोण आलं हे बघत बसावं लागणार, त्याला इलाज नाही. नोव्हेंबरमध्ये जमलं तर गार्डनऐवजी कॅम्पसवरच्या कार्नेसेका अरीनात मॅच बघा, छोटं आहे, बुटांची करकर ऐकू येते.

आजींना सॉरी म्हणून या. व्हिडिओ मात्र मलाही पाठवा.